मदत हवी आहे: ‘विदारण’ म्हणजे नेमकं कसं फुटणं?

नमस्कार मंडळी. पावसाळा संपला की आमच्या कॉलनीतल्या आठवी-नववीच्या पोरांना नागपूरच्या सेमिनरी हिल्स टेकडीवर दगड-माती दाखवायला न्यायचं ठरलंय. सोबत द्यायचं एक पानी टिपण माझ्या गळ्यात पडलं आणि गाडी एका शब्दावर अडली: विदारण.

शब्द नववीच्या भूगोलातला आहे. ऊन, पाणी, झाडांची मुळं यांच्यामुळे खडक जागच्या जागी कमजोर होतो, सुटा होतो, ते विदारण. तो सुटा माल पाण्यानं किंवा वाऱ्यानं वाहून नेला, की त्याला क्षरण म्हणायचं. इथवर ठीक. पण कच्चं टिपण वाचून आमचे शेजारी काका (कीर्तन चुकवत नाहीत) म्हणाले, “विदारण म्हणजे नरसिंहानं हिरण्यकशिपूचं पोट फाडलं ते. दगडाचं कसलं विदारण करता?”

मुद्दा डोक्यात राहिला. आपण ‘हृदयविदारक’ म्हणतो तेही काळीज फाटण्याबद्दलच. या शब्दात जोर आहे, नखं आहेत. खडकाचं काम तर हजारो वर्षं चालतं.

म्हणून साधा शब्द शोधायला गेलो तर प्रत्येक जण आपापली अट घेऊन बसलेला. दोरी तुटते, फांदी मोडते, कापड फाटतं, शिवण उसवते, काच तडकते. दगड फुटतो, पण ‘फुटला’ म्हटलं की हातोडा किंवा सुरुंग आठवतो. गिट्टीखदानच्या गावात राहून दुसरं काय आठवणार? ‘झिजला’ म्हणावं तर घासणं आलं, देवळाच्या पायरीसारखं. ‘कुजला’ लाकडाला चालतं. उन्हाळ्यात आपल्याकडची काळी जमीन उलते, ओठ उलतात. हा शब्द मला फार आवडतो, पण त्यात फक्त भेग आहे, आतून पोकळ होत जाणं नाही.

तर दोन शंका:
१. ‘विदारण’च ठेवावं का?
२. वाक्यात कसं वापरायचं? ‘खडक विदारतो’, ‘खडक विदारला जातो’ की ‘विदारण होते’? आणि तसा झालेला खडक विदारित की विदीर्ण?

काटोलरोडकर: काहून एवढं डोकं लावून रायले भाऊ? पोरं परीक्षेत ‘विदारण’च लिहिणार. तेच ठेवा.

जुनी_पाटी: काकांचं अर्ध खरं आहे. मूळ धातू ‘दॄ’, म्हणजे फाडणे, चिरणे. विदीर्ण, विदारक त्यातलेच. पण ‘दरी’ हा शब्दही त्याच धातूचा मानतात, आणि दरी काही एका दिवसात पडत नाही. तेव्हा जोर आहे म्हणून शब्द टाकून द्यायचं कारण नाही.

दुसऱ्या शंकेचं उत्तर सरळ आहे. जुन्या मराठीत ‘विदारणे’ सकर्मक आहे. ‘सिंहाने हत्ती विदारला’ हे बरोबर. ‘खडक विदारतो’ लिहिलंत तर वाचणारा विचारेल, कोणाला? ‘विदारला जातो’ व्याकरणात बसतं, पण कानाला ओरखडा काढतं. ‘खडकाचे विदारण होते’ हेच लिहा. आणि ‘विदीर्ण’ काळजासाठी राखून ठेवा, खडकाला ‘विदारित’.

पांढरा_ऐरावत: हिंदी माध्यमाची मुलं येणार असतील तर त्यांच्या पुस्तकात ‘अपक्षय’ असतं. जुन्या मराठी पुस्तकांतही ते सापडतं. कंसात द्या.

निवृत्त_ओव्हरसियर: शब्दावर कशाला भांडता, पोरांच्या हातात वस्तू द्या. मुरूम म्हणजे दुसरं काय? विदारण झालेला काळा दगडच. विहीर खोदणाऱ्याला विचारा, वर माती, मग मऊ मुरूम, मग कठीण मुरूम, आणि खाली जिथे पहार खणखणते तो पक्का दगड. एकाच दगडाच्या या पायऱ्या. रस्ता कापला असेल तिथं गोल गोटे दिसतील, कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले. कोपऱ्यांवर पाणी दोन-तीन बाजूंनी लागतं म्हणून कोपरे आधी जातात आणि दगड गोल होत जातो. नदीनं घासून गोल झालेला गोटा वेगळा. पोरं तिथंच फसतात. नुसत्या उन्हावर खापर फोडू नका. आपला मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो खरा, पण बेसाल्टचा, म्हणजे या काळ्या दगडाचा, मुरूम करण्यात पाण्याचा हात मोठा. खनिजांची पाण्याशी अभिक्रिया होऊन त्यांची चिकणमाती होते. म्हणून ‘फुटणे’ अपुरं पडतं. फुटलेल्या दगडाची गिट्टी तीच राहते, आकार तेवढा लहान. मुरमात दगडाचा मालच बदललेला असतो.

धागाकर्ता: ओव्हरसियर साहेब, गिट्टी आणि मुरूम! हे सुचलंच नव्हतं. टिपणात आता असं लिहिलंय: “हा काळा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. हातोड्यानं फोडला तर गिट्टी होते. ऊन, पाणी आणि मुळांनी जागीच त्याचे विदारण (अपक्षय) झाले की मुरूम होतो, आणि पुढे माती.”

काकांना दाखवलं. ‘चालेल’ म्हणाले, नरसिंह मात्र तळटीपेत हवाच म्हणतात.

आता एकच अडचण उरली. टेकडीवर वनविभागाच्या हद्दीत खोदाखोद करायची नाही, मग असे पापुद्रे सुटलेले गोटे आयते उघडे दिसतील अशी जागा कोणाला ठाऊक आहे का? काटोल रोडच्या बाजूला असली तर उत्तम, पोरं सायकलनं येणार आहेत.