एग बेटावरून सोलापूरनं घेण्यासारखं

स्कॉटलंडच्या एग बेटावर लोक स्वतःची वीज स्वतः बनवतात. पण तिथं शंभरेक माणसं राहतात, त्यांचं सोलापूरला काय लागू पडणार, असं काही जण म्हणतात. मला अगदी उलट वाटतं. तिथल्या पवनचक्क्यांपेक्षा वीजवाटपाचा नियम मोलाचा आहे.

या बेटापर्यंत मुख्य भूमीची वीज पोचलेलीच नव्हती. घरोघरी डिझेल जनरेटर धडधडायचे. १९९७ मध्ये बेट रहिवाशांच्या मालकीचं झालं आणि २००८ पासून पाणी, वारा आणि ऊन यांवर त्यांची स्वतःची ग्रिड (वीजजाळं) चालते. घराला एका वेळी जास्तीत जास्त ५ किलोवॅट, व्यवसायाला १०. ओलांडलं की पुरवठा तुटतो. मोठं घर असो की छोटं, मर्यादा तीच. दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॅट ओढतो, म्हणजे ५ किलोवॅटमध्ये हाल होत नाहीत, फक्त एसीबरोबर गिझर, इस्त्री आणि वॉशिंग मशीन एकदम लावलं तर मर्यादा ओलांडू शकते. डिझेल अजून राखीव आहे, हेही खरं.

आपल्याकडे ऊन भरपूर. (सौर पॅनेल फार तापलं की उत्पादन घटतं, त्यामुळे मेपेक्षा फेब्रुवारी-मार्च बरा.) शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या शेडवर पत्रेच पत्रे आहेत आणि दिवसपाळीचा भार नेमका उन्हाच्या वेळेतला. अडतं कुठं, तर प्रत्येक जण आपापल्या छपरापुरता हिशेब करतो. एका गल्लीतल्या कारखानदारांनी मिळून पॅनेल घेतले आणि कोणाचे माग कधी चालणार हे आधी ठरवलं, तर खर्च वाटला जाईल. सुरुवात एखाद्या सोसायटीच्या पाण्याच्या मोटारीपासूनही करता येईल. ती दुपारीच चालवायची.