डायलिसिसहून आल्यावर सासऱ्यांचा हिशेब चुकतो

रामबागेतली सून, इंदूर: राजवाड्याजवळच्या दुकानात बाबांचा हिशेब सगळा तोंडी. आता डायलिसिसहून आले की दूधवाल्याला १००च्या जागी ५००ची नोट देतात. जुन्या गोष्टी मात्र चोख आठवतात. वेड लागतंय का?

उत्तर: लगेच तसं धरू नका ताई. किडनीच्या आजारात बरेचदा आठवणीपेक्षा लक्ष आणि आखणी आधी ढिली पडते. डायलिसिस चालू असताना मेंदूचा रक्तपुरवठाही घटतो. बँकेची कामं दुसऱ्या दिवशी काढा.

आणखी एक: हिमोग्लोबिन, झोप, उदासी तपासून घ्या. डायलिसेट, म्हणजे मशीनमधलं रक्त साफ करणारं द्रव, थोडं गार ठेवलं तर बीपी कमी वेळा पडतं, डॉक्टरांना विचारा. स्वेटर न्या, थंडी वाजते! अचानक बरळले तर मात्र थांबू नका.

सून: मघाशी बाबांना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. आकडे सगळे एका बाजूला, वर माझ्यावरच चिडले. उद्या सकाळी पुन्हा काढायला देते.