दोष मशीनचाच असेल असं नाही
झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन लावूनही सकाळी घसा कोरडा, म्हणून ते परत करताय? थांबा जरा. माझा एएचआय, म्हणजे झोपेत तासाला किती वेळा श्वास थांबतो किंवा उथळ होतो तो आकडा, ४२ आला (३० च्या वर तीव्र धरतात), तेव्हा कोथरूडच्या घरी सीपॅप आणलं. पहिले पंधरा दिवस बायको म्हणायची, "घोरणं परवडलं, ही फुसफुस नको!" झोपेत माझं तोंड उघडं राहून हवा निसटत होती. हनुवटीचा पट्टा लावला, हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर वाढवला. नाक चोंदलेलं असेल तर मात्र पट्टा नको, नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क बघा.

मग डिसेंबरात थंडीने नळीत पाणी साचून हुक्क्यासारखी गुडगुड! बायकोनेच जुन्या स्वेटरची बाही कापून नळीवर चढवली. गुडगुड बंद. ह्युमिडिफायरच्या टाकीत डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाच्या पाण्याचे क्षार बसतात.