आय५-१२४५०एच की रायझन ५ ७५३०यू? भाचीसाठी ५० हजारांत लॅपटॉप घ्यायचाय

माणदेशी

नमस्कार मंडळी. भाची बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, सोबत टॅलीचा क्लास चालू आहे. तिला लॅपटॉप घ्यायचाय. बहिणीची भिशी यंदा लागली, त्यात मी थोडी भर घालतोय. सगळे मिळून ५० हजार. त्यापुढे ताणता येणार नाही, आणि घेतलेली वस्तू चार-पाच वर्षं चालली पाहिजे.

काम म्हणजे टॅली, एक्सेल, कॉलेजचे पीपीटी, ब्राउझरमध्ये ढीगभर टॅब आणि युट्यूबवरची लेक्चर. धाकटा भाचा अकरावीला आहे, तो सुट्टीच्या दिवशी व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळणार. अभ्यास करतो पोरगा, त्यामुळे त्याचाही विचार करायचाच आहे.

दुकानात दोन मॉडेल बघितली. एकात प्रोसेसर इंटेल कोअर आय५-१२४५०एच, दुसऱ्यात एएमडी रायझन ५ ७५३०यू. दोन्हींत ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, १५.६ इंची फुल एचडी स्क्रीन. वेगळं ग्राफिक्स कार्ड कशातच नाही. थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा) दोन्हीकडे १२, वेग एकाचा ४.४ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा ४.५. मग फरक नेमका कशात? दुकानदार म्हणतात, "एच लिहिलंय म्हणजे ताकद जास्त, गेमसाठी हाच घ्या." आमच्या आटपाडीकडे दुपारी लाईट कधी जाईल याचा नेम नसतो, तेही धरून सांगा.

कृष्णाकाठ

दादा, मी सांगलीत लॅपटॉप दुरुस्ती करतो. या दोन्ही चिपची मशीन टेबलावर कायम असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१२ थ्रेड दोन्हीकडे आहेत, पण ते येतात वेगवेगळ्या हिशोबाने. कोअर म्हणजे चिपमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग. १२४५०एच मध्ये ४ मोठे कोअर आणि ४ छोटे. मोठा कोअर दोन थ्रेड चालवतो, छोटा एकच, म्हणून १२. ७५३०यू मध्ये सहाही कोअर सारखे आणि प्रत्येकाचे दोन थ्रेड. इंटेलचा मोठा कोअर एएमडीच्या झेन ३ पिढीच्या कोअरपेक्षा तेवढ्याच गिगाहर्ट्झला जास्त काम उरकतो. त्यामुळे नुसती कोअरची ताकद मोजली तर १२४५०एच पुढे आहे, आणि तेवढ्यापुरतं दुकानदारांचं म्हणणं खरं आहे.

पण गेम कुठे अडतो ते बघा. वेगळं कार्ड नसेल तर सगळा भार चिपमधल्या ग्राफिक्सवर पडतो. इंटेलने या १२४५०एच ला साधं यूएचडी ग्राफिक्स दिलंय, ४८ युनिटचं (युनिट म्हणजे ग्राफिक्समधले काम करणारे छोटे भाग). आयरिस एक्सई नावाचं जे चांगलं ग्राफिक्स लोक ऐकून असतात ते १२३५यू, १३३५यू असल्या चिपमध्ये असतं, ८० युनिटचं. म्हणजे नावात एच असलेल्या चिपचं ग्राफिक्स यू वाल्यापेक्षा कमजोर! कारण सरळ आहे: एच चिप वेगळ्या ग्राफिक्स कार्डासोबत बसवायची म्हणून बनवलेली असते. कंपन्या ती बिनकार्डाच्या लॅपटॉपमध्ये घालतात आणि गिऱ्हाईक एच बघून गेमसाठी नेतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

७५३०यू मध्ये एएमडीचं वेगा ७ आहे. ग्राफिक्स जुन्या घडणीचं आहे, पण भाच्याच्या दोन्ही गेमला यूएचडीपेक्षा बरं चालतं. व्हॅलोरंट सेटिंग खाली ठेवून फुल एचडीवर आरामात खेळेल. जीटीए ५ साठी रिझोल्यूशन फुल एचडीवरून खाली ७२०पी वर आणायचं, सावल्या आणि गवत कमी करायचं.

आता रॅम. लोक प्रोसेसरवर तासभर वाद घालतात आणि रॅमची पट्टी एक आहे का दोन हे विचारतच नाहीत. चिपमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच काम चालवतं. डीडीआर४-३२०० या प्रकारच्या रॅमची एकच पट्टी असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा जातो, दोन असतील तर ५१.२. विहिरीला पाणी भरपूर आणि पाइप अर्ध्या इंचाचा, तसा प्रकार होतो. वेगा ७ एका पट्टीवर अक्षरशः गुदमरतं. शिवाय ८ जीबीतला काही भाग ग्राफिक्ससाठी राखलेला असतो, म्हणजे विंडोज ११ आणि टॅब उघडे ठेवून टॅली चालवताना भाचीलाच अडचण होणार.

म्हणून दुकानात मशीन चालू करायला सांगा. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी असं उघडलं की किती स्लॉट (रॅमच्या पट्टीच्या खाचा) वापरात आहेत ते दिसतं. मात्र तेवढ्यावर विसंबू नका, रॅम बोर्डावर डकवलेली असते तेव्हा तो आकडा फसवा असतो. मॉडेलच्या माहितीपत्रकात "रिकामा स्लॉट" लिहिलंय का ते वाचा आणि ८ जीबीची दुसरी पट्टी बजेटमध्ये धरूनच मशीन ठरवा. तीही घेतानाच बसवून घ्या, म्हणजे वॉरंटीचा प्रश्न निघत नाही.

लाईटचं विचारलंत. इंटेलने १२४५०एच ची मूळ वीज ४५ वॉट धरलीय, भार आला की ती ९५ वॉटपर्यंत जाऊ शकते. ७५३०यू १५ वॉटची. बॅटरी किती वॉट-तासांची आहे यावरही अवलंबून आहे, पण सारख्या बॅटरीवर रोजच्या कामाला रायझन जास्त टिकेल, आणि तुमच्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तापेलही कमी. पातळ बॉडीत एच चिप असली की पंखा सतत ओरडतो. अशी मशीन मी उन्हाळ्यात रोज उघडतो.

टॅली, एक्सेलला दोन्ही चिप भरपूर आहेत, तिथे फरक शोधूच नका. माझं मत: ७५३०यू आणि १६ जीबी.

रात्रपाळी

कृष्णाकाठ यांच्याशी बरंचसं सहमत, पण १२४५०एच ची बाजूही मांडतो. मी पुण्यात आयटीत आहे आणि हीच चिप वापरतो. कोड कंपाइल करणं, व्हर्च्युअल मशीन चालवणं, व्हिडिओ एक्सपोर्ट करणं या कामांत ती ७५३०यू ला मागे टाकते. इंटेलच्या क्विक सिंक या व्हिडिओसाठीच्या खास सोयीमुळे व्हिडिओच्या कामात मोठी मदत होते. युट्यूबचे एव्ही१ (व्हिडिओ लहान आकारात साठवायची नवी पद्धत) व्हिडिओही तिचं ग्राफिक्स थेट उलगडतं. वेगामध्ये ती सोय नाही, ते काम कोअरवर पडतं.

अजून एक गोष्ट. एएमडीने २०२३ च्या शेवटी वेगाचे ड्रायव्हर (ग्राफिक्स चालवणारं सॉफ्टवेअर) नेहमीच्या अपडेटमधून बाजूला काढले. चार-पाच वर्षं वापरायचंय म्हणता, तर हे माहीत असू द्या.

आणि सेलमध्ये १२४५०एच सोबत आरटीएक्स २०५० हे वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेलं मशीन तुमच्या पैशात बसलं, तर वरचा गेमचा हिशोबच उलटतो. मग डोळे झाकून ते घ्या, फक्त बॅटरीवर जास्त वेळ चालेल ही अपेक्षा ठेवू नका.

माणदेशी

दोघांचेही मनापासून आभार. आरटीएक्स वालं बघितलं, बजेटच्या वर जातंय. भाची रोज एसटीने कॉलेजला जाते, दिवसभर चार्जर लावायची सोय नाही, म्हणून रायझनकडे मन झुकलंय.

पण दुसऱ्या दुकानात रायझन ५ ७५२०यू दाखवलं. बरंच स्वस्त आहे. ते म्हणाले, "७५२० आणि ७५३० मध्ये दहाचाच फरक, एकच समजा." घेऊ का?

कृष्णाकाठ

नका घेऊ दादा! तुम्ही विचारलंत ते फार बरं केलं.

एएमडीच्या ७००० मालिकेत पहिला आकडा वर्षाचा असतो, ७ म्हणजे २०२३. कोअर कुठल्या पिढीचा हे तिसरा आकडा सांगतो. ७५३०यू मध्ये तिथे ३ आहे, म्हणजे झेन ३. ७५२०यू मध्ये २, म्हणजे झेन २, आणखी एक पिढी मागचा. कोअर सहाऐवजी ४, थ्रेड १२ ऐवजी ८, एल३ कॅश (चिपमधली जलद मेमरी) १६ एमबीऐवजी ४. ग्राफिक्स रेडिऑन ६१०एम, त्यात फक्त २ युनिट. वेगा ७ मध्ये ७ आहेत (एएमडीची युनिट इंटेलच्या युनिटशी ताडून बघू नका, मोजण्याची रीत वेगळी आहे). भाच्याचा जीटीए त्यावर रडत चालेल.

वर त्यात एलपीडीडीआर५ रॅम असते आणि ती बोर्डावरच डकवलेली. ८ जीबीचं घेतलं तर कायम ८ जीबीच, नंतर कोणीही वाढवून देऊ शकत नाही. नुसतं टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्म भरायचे असते तर मीच घ्या म्हटलं असतं.

७५३०यू वाल्याचा पूर्ण मॉडेल नंबर बॉक्सच्या स्टिकरवर असतो. तो इथे टाका, रिकामा स्लॉट आहे का आणि कुठली पट्टी बसेल ते बघून आज रात्रीच सांगतो.