पीएचपी प्रोजेक्ट डेटाबेसला कनेक्टच होत नाहीये, सबमिशन सोमवारी आहे

प्रश्न (डिप्लोमा, शेवटचं वर्ष)
नमस्कार, आमच्या वसईकडच्या वाचनालयासाठी पुस्तकं देण्याघेण्याची नोंद ठेवायचा प्रोजेक्ट करतोय. झॅम्पवर (लॅपटॉपवरच पीएचपी आणि डेटाबेस चालवायचं सॉफ्टवेअर) पेज उघडतं पण फॉर्म भरला की "कॉल टू अनडिफाइंड फंक्शन मायएसक्यूएल_कनेक्ट" असा एरर येतो. कोड सीनियरच्या जुन्या रिपोर्टमधून घेतलाय, त्यांचा चालला होता म्हणे. दोन रात्री गेल्या यात, प्लीज कोणीतरी सांगा.

उत्तर
तुझं काही चुकलेलं नाही, ते फंक्शनच आता राहिलं नाही. २०१५ च्या डिसेंबरात पीएचपी ७ आलं त्यातच ते काढून टाकलंय, सीनियरकडे ५ असणार. त्याच्या जागी मायएसक्यूएलआय वापर, डेटाबेसला जोडायची नवी फंक्शन्स. त्याला चार गोष्टी लागतात, होस्ट लोकलहोस्ट, युजर रूट, पासवर्ड रिकामा (झॅम्पमध्ये मुळात तसाच असतो) आणि डेटाबेसचं नाव. नुसता आय जोडून भागणार नाही हां, क्वेरीच्या (डेटाबेसला दिलेल्या हुकमाच्या) फंक्शनला पण कनेक्शनचं व्हेरिएबल आधी द्यावं लागतं, सगळे इथेच अडकतात.

उत्तर
आणि झॅम्पच्या कंट्रोल पॅनेलमध्ये मायएसक्यूएल हिरवं होऊन लगेच बंद पडत असेल तर आधी वेगळं मायएसक्यूएल टाकलंयस का बघ, दोघं ३३०६ पोर्टसाठी भांडतात. विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन ते जुनं थांबव.

प्रश्नकर्ता
कनेक्ट झालं!! खूप आभार दादा. पण मराठी नावं पेजवर ????? अशी दिसतायत.

उत्तर
पीएचपीमायअ‍ॅडमिन (डेटाबेसमधलं थेट दाखवणारं झॅम्पचं पेज) उघडून तोच टेबल बघ. तिथे मराठी नीट दिसत असेल तर गडबड फक्त कनेक्शनची आहे, कनेक्ट झाल्या झाल्या सेट_चारसेट फंक्शनमध्ये यूटीएफ८एमबी४ दे, मराठी चालणारी अक्षरांची पद्धत. तिथेही प्रश्नचिन्हंच असतील तर कॉलम लॅटिन१ आहे, म्हणजे मराठी न चालणारा, तो बदलून नावं परत भरावी लागतील, गेलेली अक्षरं परत येत नाहीत.

अजून एक, वसई म्हणालास म्हणून सांगतो, सभासदाच्या नावात इंग्रजीत डिसोझा टाकून बघ, डी नंतर वरचा तो स्वल्पविरामासारखा अपॉस्ट्रॉफी देऊन. क्वेरीत नाव थेट चिकटवलं असशील तर तिथेच मोडेल, कारण अपॉस्ट्रॉफी आला की नाव संपलं असं क्वेरी धरते, आणि त्याच भोकातून कोणी लॉगिनही तोडू शकतो. माझ्या व्हायवात एक्स्टर्नल सरांनी पासवर्डच्या खान्यात असंच काहीतरी टाइप केलं आणि पासवर्डशिवाय आत गेले, तोंडाला कोरड पडली होती माझ्या. क्वेरीत नावाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून प्रिपेअर कर, मग बाइंड_पॅरमने नाव वेगळं दे, मग एक्झिक्यूट. अर्ध्या तासाचं काम आहे, सबमिशनच्या आधी करच.

प्रश्नकर्ता
अ‍ॅडमिनमध्ये मराठी नीट होतं, एका ओळीत सुटलं. डिसोझा टाकलं तर खरंच मोडलं, सिंटॅक्स एरर आला. आमच्या वाचनालयात डिसोझा, डिसिल्व्हा मिळून निम्मे सभासद आहेत, लायब्ररियन काकूंनी पहिल्याच दिवशी हेच टाइप केलं असतं. लॉगिनचं पेज बदलून झालं, पुस्तक परत घेण्याचं तेवढं राहिलंय, ते आज रात्री करतो.