मदत हवी आहे: एचएमजी प्रथिनांना चालू जनुकाचा पत्ता कोण देतं?

नमस्कार मंडळी. नांदेडला एमएस्सी करतोय, सोमवारी सेमिनार आहे अन् गाडी एकाच जागी अडलीय.

कोंबडीच्या तांबड्या पेशींतलं क्रोमॅटिन (डीएनए अन् त्याला चिकटलेली प्रथिनं) ०.३५ मोलर मिठाच्या पाण्यानं धुतलं की एचएमजी १४ आणि १७ ही क्रोमॅटिनमधली छोटी प्रथिनं निघून जातात, मग या पेशींत चालू असलेलं ग्लोबिन जनुक (हिमोग्लोबिनच्या प्रथिनाचं) डीएनेज-१ नं, म्हणजे डीएनए कापणाऱ्या एन्झाइमनं, आधीसारखं पटकन तुटत नाही. प्रथिनं परत घातली की पुन्हा तुटतं. १९७९ चा वाइसब्रॉड-वाइनट्रॉब यांचा हा प्रयोग झकास आहे, इथवर समजलं.

पण ही प्रथिनं न्यूक्लिओसोमला (हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेल्या डीएनएच्या गुंडीला) धरतात, डीएनएचा क्रम बघत नाहीत. मग नेमकं ग्लोबिनच कसं सापडतं? हिस्टोनवर लागलेल्या अॅसिटिल या रासायनिक गटामुळं, का एच१-एच५ (न्यूक्लिओसोमना बाहेरून बांधणारी हिस्टोन) ची पकड ढिली असते म्हणून? बाण काढून काढून वहीचं पान फाटायला आलंय. सर म्हणतात, "वाच की जरा." वाचलंय ओ! कुणी सोप्या मराठीत सांगता का?