संगीत नाटकात इतिहासाशी किती सूट घ्यावी?

नौपाडेकर: आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवासाठी पेशवाईवर छोटे संगीत नाटक बसवत आहोत. दोन प्रसंगांतील सहा वर्षांचे अंतर मी एका पदात मिटवले, तर एका ज्येष्ठ सभासदांनी ‘हा इतिहास नव्हे’ म्हणून संहिता परत केली. ही सूट चुकीची आहे का?

वाशीचा प्रेक्षक: काळ आवळणे मला गैर वाटत नाही, कारण पदात क्षण लांबतो आणि वर्षे सरकतात, हे प्रेक्षक गृहीतच धरतो. साथीला हार्मोनियम असेलच. तिचे पेटंट पॅरिसला १८४२ मध्ये घेतले गेले आणि नाना फडणवीस १८०० मध्येच वारले. पेटीवर कोणी हरकत घेतली का?

कोपरीकर: पेटीचा दाखला मजेशीर असला, तरी तो मुद्दा टाळतो. वाद्य कोणाची बदनामी करत नाही. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक १९७२ मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हा वाद पेटला तो नानांच्या चित्रणावरून. घाशीराम खरोखरच पुण्याचा कोतवाल होता आणि १७९१ मध्ये जमावाच्या दगडांनी मेला. पण तेंडुलकरांना सत्ता माणसे कशी घडवते आणि टाकून देते हे दाखवायचे होते. तुम्ही तारीख हलवा, मात्र खऱ्या माणसाच्या माथी न केलेले कृत्य मारणार असाल, तर सूत्रधाराकडून नांदीनंतर लगेच तसे सांगून टाका.

नौपाडेकर: सूत्रधाराला दोन ओळी वाढवून दिल्या आहेत. पेटी मात्र राहील.